खेप : शिरोली ते चाकण

पहाटे ४.३०

कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. डिसेंबर २०२४. फाउंड्रीच्या भिंतीला लागून सात-आठ ट्रक उभे आहेत. केबिनच्या काचा आतून धुरकटलेल्या. सगळे झोपलेत. एकाच ट्रकखाली मोबाइलची बॅटरी हलतेय.

मेजर कामाला लागलेत. हातात छोटी हातोडी. एकेका टायरवर एक ठोका. हवा पुरेशी असली की आवाज टणक येतो, कमी असली की बसका. गाडी दहा टायरी. आतल्या बाजूचे टायर अंधारात दिसत नाहीत, त्यांचं आवाजावरच कळतं. मग ऑइलची पट्टी काढून, पुसून, पुन्हा घालून बघायची. रेडिएटरचं पाणी. पट्ट्यावर अंगठ्याचा दाब. बॅटरीची टोकं. हवेच्या टाकीचा कॉक उघडून रात्रीत साठलेलं पाणी सोडून द्यायचं. शेवटी युरियाची पातळी. गाडी २०२१ ची, बीएस-६. युरिया संपला की इंजिन अंग चोरतं.

वीस मिनिटं गेली. फौजेत ही फर्स्ट परेड. वाटेत थांबलं की हॉल्ट परेड, मुक्कामाला पोचलं की लास्ट परेड. अकरा वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये गाडी चालवली. स्टॅलियन ट्रक, लडाखचा रस्ता, टायरला साखळ्या. अंगवळणी पडलेलं सुटत नाही.

वस्ताद केबिनमध्ये ब्लँकेटखाली आहेत. साठीला टेकलेले, हातकणंगल्याकडचे. क्लीनर होते तेव्हापासून याच रस्त्यावर. आतूनच विचारतात, "झाली का पूजा, मेजर?"

"झाली, वस्ताद. डाव्या बाजूचा आतला मागचा जरा बसका वाटतोय."

"हवा मारू की पंपावर. उठतो."

पहाटे ५.१५

चहा १० रुपये. संडास-आंघोळ ३० रुपये, गरम पाणी असेल तर ४०. मेजर गार पाण्यानं उरकतात. खिशातल्या वहीत दोन आकडे लिहितात.

सातारा जिल्ह्यात फौजेत गेलेला कोणीही मेजर असतो. हे खटाव तालुक्यातले. २०११ ला शिपाई म्हणून लागले. २०२२ ला सुटले, तेव्हा नायकसुद्धा झाले नव्हते. वडील अंथरुणाला खिळले, घरी दुसरं करणारं कोणी नव्हतं. स्वतः अर्ज करून बाहेर पडले. शिपायाला पेन्शन बसायला १५ वर्षं नोकरी लागते. यांची अकराच भरली.

ग्रॅच्युइटी आणि फंड मिळाला. तो दवाखान्यात गेला, उरलेला घराच्या स्लॅबमध्ये.

"आणि माजी सैनिकांच्या राखीव जागा?" मी विचारतो.

"त्यात आम्ही बसत नाही. स्वतःहून सुटलेला, पेन्शन नसलेला माणूस त्या नियमात माजी सैनिक धरत नाहीत." चहाचा कप डब्यात टाकतात. "गावात धरतात."

सकाळी ५.५०

आधी रिकामा काटा. गाडी वजनकाट्यावर चढते, चिठ्ठी निघते. मग आत.

माल म्हणजे कास्टिंग. ब्रेक ड्रम, हाउसिंग, फ्लायव्हील. रात्रपाळीत ओतलेलं, घासलेलं, लोखंडी जाळीच्या बिनमध्ये रचलेलं. एक बिन आठशे किलोच्या आसपास. असे २२. फोर्कलिफ्टवाला झपाझप आणतो. हौद्यात खाली १४ बसतात. उरलेले आठ दुसऱ्या थरात.

हे आठ कुठं ठेवायचे, यावर दिवस ठरतो. सगळे मागं ठेवले तर पुढचं चाक हलकं होतं, स्टेअरिंग हातात राहत नाही. सगळे पुढं ठेवले तर पुढचा अॅक्सल आणि पाटे मार खातात. फोर्कलिफ्टवाल्याला मागं ठेवणं सोपं, तिथून त्याला लवकर सुटता येतं.

मेजर हौद्यात चढून हात करतात. "दादा, अजून पुढं. मागच्या चाकांच्या जरा पुढं येऊ दे."

"साहेब, अजून तीन गाड्या हायत."

वस्ताद खालून शंभराची नोट दाखवतात. बिन पुढं सरकतात.

"हे मालकाच्या अॅडव्हान्समधलं," वस्ताद मला सांगतात. "पण मेजरांना काढायला जमत न्हाई. हात खिशाकडं जातच न्हाई."

मेजर बिनांच्या फटीत लाकडी ठोकळे ठोकताहेत. ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

सकाळी ७.१०

भरलेला काटा. दोन काट्यांतला फरक १७ टन ६४० किलो. तेवढंच वजन इन्व्हॉइसवर असलं पाहिजे. वस्ताद चष्मा लावून बोट फिरवतात. इन्व्हॉइस, बिल्टी, ई-वे बिल. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरमागं एक दिवस मिळतो. हा रस्ता सव्वादोनशेच्या वरचा, म्हणजे दोन दिवस.

"मेजर, प्रत्येक कागदाचा फोटो. बिनांचा फोटो. सीलचा फोटो. मग सही."

"मोजून घेतलेत, २२."

"तुम्ही मोजलं ते तुमच्याजवळ. तिथं उतरताना २१ निघाले तर?"

मेजर फोन काढतात. फौजेत गाडीला कार डायरी असायची. कुठं निघाली, किती चालली, कोणी पाठवली, सगळं तिच्यात. माल मोजणारा वेगळा, सही घेणारा वेगळा. ड्रायव्हरनं गाडी चालवायची. इथं कमी भरलं तर ड्रायव्हर, जास्त भरलं तर ड्रायव्हर.

काट्याचे २०० रुपये. पावती घेतली.

सकाळी ७.३५

ताडपत्री. दोघांनी वर चढवली. ओढून, दुमडून, कोपरे खाली. मग दोर. एका बाजूनं फेकायचा, फाळक्याच्या कडीतून घ्यायचा, फासा घालून अंगाच्या वजनानं खेचायचा. मेजर फौजेतली गाठ मारतात. पक्की बसते. वस्ताद तिच्याकडं बघतात आणि सोडतात.

"लई चांगली हाय. पण पावसात भिजली की सुटायची न्हाई. गेटवर दहा मिनिटांत उघडून द्यावी लागती." स्वतःचा फासा घालतात. एक झटका दिला की सुटतो, ओढला की आवळतो.

मेजर तीनदा तसाच घालून बघतात. तळहाताला दोराचा वळ उठलाय. हातमोजे ६० रुपयांना मिळतात. अजून घेतले नाहीत.

सकाळी ८.२०

मालकाचा ठरलेला पंप. ७० लिटर डिझेल. नव्वदच्या वर भाव, म्हणजे सहा हजार तीनशेच्या पुढं. हे मालकाच्या खात्यावर. पण मोजमाप ठरलेलं आहे. भरलेल्या गाडीनं लिटरला चार किलोमीटर द्यायचेच. कमी दिले तर फरकातला निम्मा ड्रायव्हरकडून.

मागच्या डाव्या टायरमध्ये हवा भरली. मेजरांचा कान खरा निघाला. एक टायर वीस हजारांच्या पुढं जातो. वस्ताद काही बोलत नाहीत, पण बाकीचे टायर स्वतः ठोकून बघतात.

गाडी वस्तादांच्या हातात. हायवेला लागलो.

सकाळी ९.००

किणी टोल. फास्टॅगची टिक, दांडी वर.

"पूर्वी टोलला मालक रोख द्यायचा," वस्ताद म्हणतात. "दोन पैसे ड्रायव्हरच्या हाताला राहायचे. २०२१ पासून हे स्टिकर सक्तीचं झालं. मालकाच्या फोनवर मेसेज जातोय. आपण कुठं हाय ते बायकोच्या आधी त्याला कळतंय."

रस्ता सहापदरी करण्याचं काम चालू आहे. दर चार-पाच किलोमीटरला वळसा. मोठ्या रस्त्यावरून खाली, सर्व्हिस रोड, खड्डे, पुन्हा वर. दर वळशाला गिअर खाली. १८ टन पुन्हा पळते करायचे. लिटरला चार मागणाऱ्या मालकाला हे वळसे दिसत नाहीत.

सकाळी १०.२०

कराडच्या अलीकडं नाश्ता. पोहे आणि चहा, ५० रुपये. इथून गाडी मेजरांकडं.

ते बसतात. आधी सीट पुढं, मग दोन्ही आरसे, मग बेल्ट. क्लचवर पाय, गिअर अलगद. गाडी हलते तेव्हा पाण्याच्या बाटलीतलं पाणीही फारसं हिंदकळत नाही. चालवणं त्यांना शिकवायला लागत नाही. गेले तीन आठवडे ते बाकीचंच शिकताहेत.

कारखान्यांचा हंगाम ऐन भरात. उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरला दोन. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाहेर आलेली मोळी. मेजर लांबूनच वेग तोडतात. घाई करत नाहीत.

"आमच्या वस्तीवरच्याच असतील," म्हणतात. "भाऊबंद आहेत ओढणारे."

सुटून आल्यावरची गोष्ट याच संथ पट्ट्यात सांगतात. पुण्यात सिक्युरिटीला लागले होते. बारा तास उभं राहायचं, महिना १४ हजार. खोलीभाडं, मेस, येणं-जाणं जाऊन घरी सहा पाठवायचे. मग छोटा टेम्पो घ्यायचा विचार केला. बँकेत गेले. साहेबानं पहिला प्रश्न केला, पेन्शन कोणत्या शाखेत जमा होते?

"मग उठलो."

मग लायसन्सकडं वळले. फौजेतलं लायसन्स होतं. त्यावरून नागरी करायचं, त्यात जड वाहन चढवायचं, डॉक्टरचा दाखला. नोकरीत असताना युनिटमधूनच कागद फिरवले असते तर दोन फेऱ्यांत झालं असतं. बाहेर आल्यावर डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्सपासून सुरुवात. सगळं धरून साडेपाच हजार. ते चुलतभावाकडून घेतले. त्यातले तीन फेडले.

"हेवीचं लायसन्स आणि अकरा वर्षांचा अनुभव," मी म्हणतो. "लगेच गाडी मिळाली असेल."

"अनुभव विचारला. सांगितला. मालक म्हणाला, तिथं डिझेल कोणाचं होतं?"

म्हणून सध्या जोडीला. पगार नाही. दिवसाला ४५० रुपये भत्ता, जेवणखाण त्यातच. वस्ताद म्हणतील त्या दिवशी गाडी एकट्याच्या हातात. मग सोळा हजार पगार, वर भत्ता.

दुपारी १२.४०

खंबाटकी. साताऱ्याकडून पुण्याला जाताना घाट चढावा लागत नाही, बोगदा आहे. घाट उलट दिशेच्या वाट्याला. बोगद्याच्या आधी मेजरांनी दिवे लावले, अंतर वाढवलं. बोगद्यातून बाहेर पडलं की उतार आणि तिरपं एस वळण. भरलेल्या गाड्या इथं कलंडलेल्या आहेत. ताडपत्रीखाली आठ बिन वरच्या थरात आहेत. वळण घेताना गाडी किंचित झुकते, सावरते. ठोकळे जागचे हलले नाहीत.

वस्ताद डोळे मिटून बसलेत. पण उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेला आहे.

दुपारी १.२०

शिरवळच्या पुढं झाडाखाली गाडी लावली. चाकाखाली ठोकळा. मेजर उतरून गाडीभोवती फिरतात, हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ नेतात. एखादं चाक दुसऱ्यापेक्षा गरम असेल तर तिथं ब्रेक चिकटतोय. सगळी सारखी. हॉल्ट परेड संपली.

पाच किलोचा सिलिंडर, छोटा कुकर, तवा. भाकरी वस्तादांच्या घरून आलेल्या, कालच्या. तव्यावर गरम करायच्या. कुकरला मुगाची आमटी. मेजर कांदा चिरतात. बाजूच्या ढाब्यावर थाळी १४० ला आहे. इथं दोघांचा शिधा ९० मध्ये भागतो. वहीत ४५.

घरून फोन. स्पीकरवर टाकून ते ताट पुसतात.

"अहो, पेंड संपली. दुकानदार म्हणतोय मागचे दिल्याशिवाय पोतं देत नाही."

"मागचं किती?"

"नऊशे."

"सोमवारी टाकतो. तोवर कडबा वाढव थोडा."

"दूध कमी येईल मग."

"येऊ दे दोन दिवस."

फोन ठेवतात. एक म्हैस, दूध डेअरीला, दहा दिवसांनी बिल. सध्या घर त्यावर चालतं.

दुपारी ३.०५

कात्रजचा नवा बोगदा संपतो आणि उतार लागतो. सरळ नवले पुलापर्यंत. रस्ता रुंद, गुळगुळीत, समोर पुणं पसरलेलं. दिसायला सोपा आहे. भरलेल्या ट्रकांचे ब्रेक इथं तापून निकामी झाले आहेत, पुढच्या गाड्यांची रांग चिरडली गेली आहे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

कारण सगळ्यांना माहीत आहे. उतारावर गाडी न्यूट्रल करायची, डिझेल वाचवायचं. मग वेग धरून ठेवायला फक्त ब्रेक उरतो. ब्रेक तापतो. तापला की धरत नाही.

मेजरांनी बोगद्यातच गिअर खाली घेतलाय. एक्झॉस्ट ब्रेक चालू. गाडी गुरगुरत चाळिशीच्या आत उतरतेय. मागून हॉर्न. एक ट्रक शेजारून सपकन पुढं जातो. त्याच्या इंजिनाचा आवाजच येत नाही.

"तो बघा," वस्ताद म्हणतात. "अर्धा लिटर वाचवला त्यानं."

"नाही वाचवला. गिअरमध्ये असताना पाय सोडला की हे नवं इंजिन डिझेल घेतच नाही. न्यूट्रलला घेतं, चालू राहायला."

"कोण म्हणतं?"

"मशीनच तसं आहे. जुन्या पंपाच्या गाडीची गोष्ट वेगळी."

वस्ताद बोलत नाहीत. त्यांनी अर्धं आयुष्य जुन्या पंपाच्या गाड्या हाकल्या. पूल येतो, समोर रांग. मेजरांचा ब्रेक एका दाबात धरतो. शेजारून पुढं गेलेला ट्रक त्याच रांगेत, दोन गाड्या पुढं. त्याच्या चाकांतून जळका वास येतोय.

दुपारी ४.४५

वारजे, बावधन, बाणेर, वाकड, देहूरोड. गिअर एक, दोन, एक. क्लच दाबून मेजरांची डावी पोटरी भरून आलीय. तळेगावला चाकण रस्त्याला वळलो. चाकणला जाणारा प्रत्येक ट्रक, कंटेनर, कामगारांची बस या एका रस्त्यावर. सायकलवाला आम्हाला ओलांडून जातो.

चहा १०. खिडकीतूनच घेतला.

एका ठिकाणी हात दाखवून गाडी कडेला घेतात. कागद सगळे आहेत. तरी शंभर. पावती नाही. वस्ताद देतात, अॅडव्हान्समधून. मेजर समोरच्या काचेतून सरळ बघत राहतात.

संध्याकाळी ५.५०

महाळुंग्याजवळचा कारखाना. गेटच्या बाहेर ११ गाड्या. मेजर टोकन आणायला जातात. आमचा नंबर बारावा.

आत जायचं तर हेल्मेट, रिफ्लेक्टरचं जाकीट, सेफ्टी शूज. फौजेतले तीन जोड बूट घरी आहेत, पण गेटवर पुढं लोखंडी टोपी असलेलाच बूट चालतो. म्हणून कोल्हापुरात जुना जोड घेतला, ३५० ला. जाकीट मालकाचं. हेल्मेट कालच्या खेपेत तडकलं. समोरच्या टपरीवर भाड्यानं मिळतं, ३० रुपये. वहीत ३०.

आता थांबायचं. या थांबण्याचे वेगळे पैसे नाहीत. ४५० रुपये २४ तासांचे आहेत. चाक फिरो न फिरो.

वस्ताद सीटमागच्या फळीवर आडवे. मेजर पायरीवर बसून मोबाइलवर काहीतरी वाचताहेत. बघितलं तर धोकादायक मालाच्या लायसन्सची माहिती. तीन दिवसांचा कोर्स, मग लायसन्सवर शेरा. गॅस, पेट्रोल, केमिकलच्या टँकरवर पगार जास्त. कोर्सची फी भरावी लागते, आणि तीन दिवसांचा भत्ता बुडतो. १३५० रुपये. ते वहीच्या शेवटच्या पानावर आधीच लिहिलेलं आहे.

रात्री ८.४०

दोन वडापाव ४०, चहा १०. रांगेत आता आमच्यापुढं चार.

गेटवरचा गार्ड बदललाय. पन्नाशीचा, ताठ, मिशी कातरलेली, बेरे नीट एका बाजूला. मेजर टोकन घेऊन समोर उभे राहतात. दोघंही क्षणभर एकमेकांच्या पायांकडं बघतात. टाचा जुळलेल्या.

"कोणतं युनिट?" गार्ड विचारतो.

"एएससी. तुम्ही?"

"मराठा. हवालदार होऊन आलो, चोवीस वर्षं." वहीत गाडीचा नंबर लिहिता लिहिता, "पेन्शन किती बसली?"

"बसली नाही. अकरा वर्षांत आलो."

गार्डचं पेन थांबतं, पुन्हा चालू होतं. "इथं जागा आहे आमच्यात. आठवड्याची सुट्टी मिळते. गाडी म्हणजे घर ना दार."

"केलंय सहा महिने. पेन्शनवर तो पगार आला तर परवडतं. नुसत्या पगारावर नाही."

गार्ड मान हलवतो. मागून कोणीतरी हॉर्न देतं. मेजर हळूच विचारतात, "जरा लवकर घेता येईल का? पहाटेपासून..."

"नंबर म्हणजे नंबर," गार्ड म्हणतो.

"बरोबर आहे."

"आणि हेल्मेटचा पट्टा लावा."

मेजर पट्टा लावतात.

रात्री ११.१०

आत घेतलं. दोराला एक झटका, फासा सुटला. सकाळी शिकलेला. दहा मिनिटांत ताडपत्री खाली, घडी घालून केबिनवर. फोर्कलिफ्ट बिन उचलतो. मेजर प्रत्येक बिनला मोठ्यानं आकडा देतात. सतरा. अठरा. स्टोअरचा पोरगा जांभई देत टिक करतो.

बाविसाव्या बिनवर तो म्हणतो, "माझे एकवीस झाले."

मेजर फोन काढतात. भरतानाचा फोटो, सीलचा फोटो, उतरलेल्या बिनांची रांग. पोरगा पुन्हा मोजतो. बावीस. शिक्का मारतो.

वस्ताद लांबून बघत होते. जवळ आलेच नाहीत.

रात्री १२.२०

गेटबाहेर, रस्त्याकडेला. गाडी खाली झाली. परत नेण्यासाठी रिकामे बिन सकाळी मिळणार, त्याचं भाडं निम्म्याच्याही खाली. पण रिकामं जाण्यापेक्षा बरं.

मेजर लास्ट परेड उरकतात. टायर, ऑइल, गळती कुठं आहे का. सकाळच्या टायरची हवा टिकलीय. मग केबिनच्या दिव्याखाली हिशेब.

अॅडव्हान्स २००० चा. फोर्कलिफ्ट १००, काटा २००, रस्त्यावर १००. उरले १६००, मालकाचे.

स्वतःचा. चहा १०, आंघोळ ३०, नाश्ता ५०, शिधा ४५, चहा १०, हेल्मेट ३०, वडापाव ४०, चहा १०. एकूण २२५. भत्ता ४५०. शिल्लक २२५. पेंडेच्या उधारीला असे चार दिवस लागतील.

वस्ताद मालकाला फोन लावतात. मालक जागाच असतो, गाडी खाली झाल्याचं कळल्याशिवाय झोपत नाही.

"मालक, झाली खाली. सगळं बरोबर. आणि ऐका, पुढल्या खेपेला मी येत न्हाई. मेजर एकटं जातील."

पलीकडून काहीतरी. वस्ताद फोन स्पीकरवर टाकतात. "मेजर, मालक म्हणतोय अभिनंदन."

"आभारी आहे, मालक. पगार कधीपासून धरायचा?"

"एक तारखेपासून धरू की. महिना बदलतोय, हिशेबाला सोपं."

आज १९ तारीख. मेजर वहीकडं बघतात. बारा दिवस, एकट्यानं गाडी, फक्त भत्ता.

"मग एक तारखेपर्यंत वस्ताद माझ्याबरोबर येतील," मेजर शांतपणे म्हणतात. "मी जोडीलाच आहे तोवर."

वस्ताद तोंडावर पंचा धरून हसतात. पलीकडं थोडा वेळ काही नाही. दोन माणसांचा भत्ता आणि एका माणसाचा पगार, याचं गणित मालकाला आमच्यापेक्षा लवकर येतं.

"बरं, सोमवारपासून धरा," मालक म्हणतो. "पण अॅव्हरेज चारच्या खाली आला तर बघा."

"आजचा काढलाय," मेजर वही उलटतात. "चार पूर्णांक एक."